दत्तक, नामांकित आणि जीवनशाळा

प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गाकडून मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात एक छोटे लेखन करून घेतो. विषय ठरलेला असतो : 'माझी पहिली शाळा'. हेतू साधाच, मुलांची वाक्यरचना, शुद्धलेखन, मराठीची जाण यांचा अंदाज यावा इतकाच. नंदुरबार जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्याला हा अंदाज घ्यावाच लागतो. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी भिली बोलली जाते, कोणाच्या घरी पावरी, कोणाच्या घरी मावची किंवा देहवाली, तर कोणाच्या घरी अहिराणी वा गुजरी. घरी प्रमाण मराठी बोलणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी. ज्याला आपण मातृभाषेचे अध्यापन म्हणतो ते आमच्याकडे वस्तुतः दुसऱ्या भाषेचे अध्यापन असते, आणि अभ्यासक्रमाला त्याची गंधवार्ताही नसते.

मागे एका वर्षी या लेखनातले तीन कागद मी बाजूला काढून ठेवले. पहिला कागद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाचा होता. शाळेत आपण शिकलेला पहिला मराठी शब्द 'गप्प' होता, असे त्याने लिहिले होते. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. वस्तुस्थिती सांगावी तसे ते वाक्य होते. दुसरा कागद सरकारी योजनेतून सहाव्या वर्षी दूरच्या शहरातील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेलेल्या मुलाचा. दिवाळीच्या सुटीत घरी आल्यावर आजी बोलायची ते कळायचे, पण उत्तर हिंदीतून यायचे. मग आजी हसायची आणि हळूहळू ती कमी बोलू लागली, असे त्याने लिहिले होते. तिसरा कागद नर्मदाकाठच्या जीवनशाळेतून आलेल्या मुलीचा. तिचे गुरुजी शेजारच्याच पाड्यावरचे. फळ्यावरचा शब्द ते आधी घरच्या भाषेत सांगत, मग मराठीत. म्हणून आपल्याला शाळा म्हणजे परके गाव वाटले नाही, एवढेच तिचे म्हणणे होते.

भाषेच्या दृष्टीने तिघांच्या लेखनात चुका होत्याच. कोणाच्या कमी, कोणाच्या जास्त. तीन कागदांवरून शिक्षणव्यवस्थेविषयी सिद्धान्त मांडण्याचा मोह मी टाळतो. परंतु एक प्रश्न मात्र त्या दिवसापासून पाठ सोडत नाही. सरकारी शाळा आणि सरकारबाहेरच्या शाळा यांनी हातात हात घालून काम करावे, असे आज सगळेच म्हणतात. धोरणांत तसे लिहिलेले असते, परिसंवादांत तसे बोलले जाते. पण या हातमिळवणीत एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे नेमके काय जाते? पैसा जातो, इमारत जाते, मूल जाते, की शिकवण्याची रीत जाते? माझ्या मते भागीदारीचे सारे मोल या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

जिल्ह्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. तालुके सहा. त्यांपैकी नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे पूर्णतः, तर नंदुरबार आणि शहादा हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. तापीकाठची सपाटी सुपीक; तिथे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, वाढल्या, त्यांची महाविद्यालये झाली. सातपुड्याच्या वर मात्र गाव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचे तर मध्ये दरी. शाळेचा प्रश्न तिथे आधी अंतराचा असतो आणि लगेच मागोमाग भाषेचा.

सरकारबाहेरच्या शाळा या भागाला नव्या नाहीत. किंबहुना महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास हाच मुळी सरकार आणि संस्था यांच्या देवाणघेवाणीचा इतिहास आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत घातली. पुढे जे संस्थांचे जाळे विणले गेले ते या अनुदानाच्या धाग्यावर. आदिवासी भागात त्याचे रूप म्हणजे अनुदानित आश्रमशाळा. आज राज्यात सुमारे पाचशे सरकारी आश्रमशाळा आहेत आणि त्यांहून थोड्या अधिक अनुदानित. वेतन सरकारचे, व्यवस्थापन संस्थेचे, ही ती रचना. या शाळांतून आमच्या भागातील पहिल्या पिढीतले अनेक पदवीधर घडले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सरकारी आश्रमशाळा आणि अनुदानित आश्रमशाळा यांच्या वर्गात जाऊन बसले तर शिकवण्याच्या रीतीत काही फरक जाणवतो का? तेच पाठ्यपुस्तक, तीच घंटा, तीच प्रमाणभाषा. संस्था स्वतंत्र असली तरी शाळा स्वतंत्र असतेच असे नाही. स्वातंत्र्य नोंदणीच्या कागदावर राहून जाते.

आपण भाषेचे लोक. तेव्हा अलीकडे या संदर्भात वापरात असलेले तीन सरकारी शब्द जरा निरखून पाहू.

पहिला शब्द 'दत्तक'. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने 'दत्तक शाळा' योजनेचा निर्णय काढला. कंपन्या, संस्था वा दानशूर व्यक्ती यांनी सरकारी शाळा पाच वा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, वस्तू आणि सेवांच्या रूपाने मदत द्यायची, आणि इच्छा असल्यास त्या काळापुरते शाळेला आपले नाव जोडायचे. ग्रामीण भागातील शाळेसाठी पाच वर्षांचे मूल्य ५० लाख आणि दहा वर्षांचे १ कोटी रुपये ठरवण्यात आले. शाळेला चांगले स्वच्छतागृह मिळत असेल, संगणक मिळत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण शब्द पाहा. आपल्याकडे मूल दत्तक देतात तेव्हा त्याचे नाव बदलते, गोत्र बदलते, आणि देणाऱ्याचा हक्क संपतो. इथे देणारे निराधार नाहीत. प्रत्यक्ष राज्यसंस्था आपले मूल दुसऱ्याच्या ओटीत घालते आहे. शिवाय या ओटीत शिक्षणाविषयी काहीच नाही. दत्तक घेणाऱ्याला शिकवण्याचे काही ज्ञान असावे अशी अपेक्षा नाही. नाव आणि रक्कम यांचा हा व्यवहार आहे. त्याला भागीदारी म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय.

दुसरा शब्द 'नामांकित'. आदिवासी विकास विभाग गेली दीड दशके एक योजना राबवतो आहे : अनुसूचित जमातीच्या मुलांना शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या 'नामांकित' निवासी शाळांत घालायचे आणि त्यांचा खर्च सरकारने द्यायचा. प्रवेश बहुतेक पहिली-दुसरीत होतो, म्हणजे मूल सहा-सात वर्षांचे असते. काही शाळा नामांकित ठरल्या की उरलेल्यांना आपोआप काय नाव पडते, हे सांगायला नको. मुलाच्या पाड्यावरची शाळा अनाम होते. आणि ती तशी आहे हे सांगणारे दुसरे कोणी नसून तिचे मालक सरकारच असते. या योजनेतून काही मुले खरोखर पुढे गेली आहेत. मी त्यांना शिकवतो. त्यांचा आत्मविश्वास, इंग्रजीची सहजता मला दिसते. पण या व्यवहारात शाळेकडून शाळेकडे काहीच जात नाही. फक्त मूल जाते. मागे राहिलेल्या शाळेला त्या मुलाबरोबर गेलेल्या पैशाचा, आणि नामांकित शाळेतल्या अध्यापनाचा, कणभरही लाभ होत नाही. उलट पाड्यावरच्या शाळेचा पट एकाने कमी होतो.

आणि पट कमी झाला की तिसरा शब्द पुढे येतो : 'समूह'. सप्टेंबर २०२३ मध्येच शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यभरात अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास होती. या परिपत्रकात आदर्श म्हणून दोन ठिकाणांचा उल्लेख होता : पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि आमच्या जिल्ह्यातील तोरणमाळ. तोरणमाळला परिसरातल्या पाड्यांवरील शाळांची मुले एकत्र आणून निवासी शाळा उभी केली गेली, आणि तिथल्या सोयी पाड्यावरच्या पडक्या खोलीशी तुलना केली तर उजव्या आहेत हे मान्यच करायला हवे. तरीही 'समूह' हा शब्द इथे नेमका उलट्या अर्थाने येतो. अनेक शाळा जगून एकमेकींना साहाय्य करतात तेव्हा त्यांचा समूह होतो. अनेक मिटून एक उरते त्याला विलीनीकरण म्हणतात.

तीन शब्द, तीन योजना. एकीत नाव देतात, दुसरीत मूल देतात, तिसरीत शाळाच देऊन टाकतात. शिकवण्याची रीत मात्र कोणी कोणाला देत नाही.

यात शिक्षण हक्क कायद्याचाही विचार करायला हवा. २००९ च्या या कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द ठरवला. निकाल महत्त्वाचा आहे आणि शहरांतील गरीब मुलांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पण २५ टक्के कशाचे? ज्या पाड्याच्या आसपास खासगी शाळाच नाही, तिथल्या मुलाला शून्याच्या चौथाईइतकाच हक्क पोचतो. सातपुड्याचा प्रश्न शहराच्या मापाने मोजला की असे होते.

हा पेच केवळ आपला आहे असे नाही. इंग्लंडमध्ये ज्यांना 'पब्लिक स्कूल' म्हणतात त्या वस्तुतः खासगी शाळा. १९८० मध्ये तिथल्या सरकारने एक योजना आणली : कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार मुलांनी स्वतंत्र शाळांत शिकावे आणि शुल्काचा भार सरकारने उचलावा. आपल्या नामांकित योजनेशी तिचे नाते चटकन ध्यानात येते. हुशार मुले उचलून नेल्याने सरकारी शाळा दुबळ्या होतात असा आक्षेप तिच्यावर होता. १९९७ मध्ये नव्या सरकारने ती बंद केली आणि पुढच्याच वर्षापासून दोन्ही प्रकारच्या शाळांनी मिळून करावयाच्या उपक्रमांना निधी देण्यास सुरुवात केली. शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गावर जावे, एखादा विषय शिकवणारे कोणी नसेल तर शेजारच्या शाळेने तो द्यावा, असे त्याचे स्वरूप. तिथलाही वाद मिटलेला नाही. स्वतंत्र शाळा धर्मादाय म्हणून ज्या सवलती भोगतात त्यांच्या बदल्यात समाजाला काय देतात, हे अजून विचारले जातेच. पण मूल हलवण्याऐवजी शिक्षक हलवावा, हा विचार आपल्यालाही उपयोगी आहे.

आपल्याकडे तर याहून जुने आणि सरस उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांनी ते पुढे कित्येक वर्षे सांभाळले. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या बायकांनी मुलांना नेण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला 'अंगणवाडी' म्हटले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. एका छोट्या खासगी प्रयोगातला मराठी शब्द देशभर गेला. प्रत्यक्षात त्या कल्पनेचे किती सत्त्व टिकले हा वेगळा विषय; पण देवाणघेवाणीची दिशा योग्य होती. संस्थेने प्रयोग केला, सरकारने तो उचलला, आणि मूल होते तिथेच राहिले.

अलीकडचीही नावे सांगता येतील. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. तिचे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची स्वतंत्र शाळा. पण मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याची तिथे घडलेली पद्धत संस्थेने सरकारी शाळांच्या वर्गांत नेली. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' ही संस्था आश्रमशाळांतील मुलांच्या वाचन-लेखनावर आदिवासी विकास विभागाबरोबर काम करत आली आहे. या उदाहरणांत दानशूर आणि निराधार असे नाते नाही. दोन शिक्षक एकाच फळ्यापुढे उभे आहेत, असे काहीसे ते नाते आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे परत येतो. सरदार सरोवराच्या बुडिताखाली जाणाऱ्या नर्मदाकाठच्या गावांत एकेकाळी सरकारी शाळा बऱ्याच अंशी कागदावर होत्या. शिक्षक नेमलेला असे, पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या झेंड्याखेरीज तो दिसत नसे, असे त्या गावांतले लोक सांगत. १९९१-९२ च्या सुमारास नर्मदा बचाओ आंदोलनाने गावकऱ्यांच्या साहाय्याने जीवनशाळा सुरू केल्या. पहिल्या शाळा चिमलखेडी आणि निमगव्हाणला. लाकूड, बांबू, श्रम गावाचे. गुरुजी त्याच परिसरातले शिकलेले तरुण. मुले शाळेतच राहत. आंदोलनाची घोषणा होती, लढाई-पढाई साथ साथ. पावरी आणि भिलीतल्या गोष्टी, गाणी, शब्द गोळा करून सुरुवातीच्या वाचनाचे साहित्य तयार झाले. तिथून मूल मराठी पाठ्यपुस्तकाकडे नेले जाई, आणि चौथीच्या परीक्षेला ते इतर मुलांच्या बरोबरीने बसे. पुढे धरणाचे पाणी चढत गेले तशा काही शाळांच्या झोपड्याही वर सरकल्या. तिथे शिकलेल्यांपैकी काही जण आज त्याच शाळांत गुरुजी आहेत.

धरणाविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील, असोत. शाळा म्हणून पाहायचे तर जीवनशाळांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, सातपुड्यातील मुलाला मराठीकडे नेणारी वाट त्याच्या घरच्या भाषेतून जाते. दोन, शिक्षक पाड्यावर राहत असेल तर अंतराचा प्रश्न निम्मा सुटतो. या दोन्ही गोष्टी राज्याला ठाऊक नव्हत्या असे नाही. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क, जो १९५६ मध्ये समाविष्ट झाला, भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यास राज्याला सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेवर भर दिला, आणि त्याच धोरणाने एक सरकारी आणि एक खासगी शाळा यांची जोडी लावून त्यांनी एकमेकींकडून शिकावे असेही म्हटले. जोडी लावायचीच तर अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेची जोडी कोणाशी लावावी? शहरातल्या नामांकित शाळेशी, की डोंगरापलीकडच्या जीवनशाळेशी? माझे उत्तर उघड आहे. पण व्यवस्थेच्या लेखी जीवनशाळा ही शिकण्याजोगी शाळा कधी झालीच नाही. तिच्या वाट्याला मान्यतेचे निकष आले. शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेविना शाळा चालवणे हा दंडास पात्र अपराध आहे. खोल्यांची संख्या, भिंत, शिक्षकाची पदविका यांची मोजदाद होते. गुरुजीला मुलाची भाषा येते की नाही, हा रकाना त्या तपासणीच्या तक्त्यात नाही.

इथे काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा की जीवनशाळेचे हे चित्र भाबडे आहे. त्या शाळा चळवळीच्या बळावर आणि लोकांच्या देणग्यांवर चालल्या. त्या बहुशः चौथीपर्यंतच होत्या. पुढे मुलाला आश्रमशाळेतच जावे लागे. खरे आहे. कोणतीही जीवनशाळा सरकारी शाळेला पर्याय होऊ शकत नाही, आणि होऊही नये. शिक्षणाची जबाबदारी राज्याचीच. म्हणून तर मी पर्यायाविषयी बोलत नसून उसनवारीविषयी बोलतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो आमच्याच विद्यार्थ्यांकडून येतो. "सर, तुमची मुले इंग्रजी शाळेत आणि आमच्या मुलांना भिली?" असे एकाने मला सरळ विचारले होते. मी निरुत्तर झालो, कारण माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली आहे. आदिवासी पालकाला इंग्रजी हवी आहे. सत्तेची, नोकरीची, न्यायालयाची भाषा आपल्या मुलाला यावी ही इच्छा कोणत्याही बापाची असते, आणि तिला भाषिक अस्मितेची व्याख्याने ऐकवण्याचा अधिकार आम्हा प्राध्यापकांना नाही. पण त्या विद्यार्थ्याला आज मी एवढे तरी म्हणेन की भिलीतून सुरुवात करणे म्हणजे भिलीत अडकून पडणे नव्हे. पायरी कोणी मुक्कामासाठी बांधत नाही. ज्या मुलाला पहिल्या दोन वर्षांत फळ्यावरचे काहीच कळत नाही ते इंग्रजीपर्यंत पोचण्याआधीच शाळेबाहेर पडते. आणि जे पोचते त्याने त्यासाठी आजीशी असलेले बोलणे मोजावे, ही किंमत आपण आपल्या मुलांसाठी मान्य केली असती का? मी केली नसती. माझी मुलगी इंग्रजी शाळेतून रोज संध्याकाळी मराठी घरात परत येत होती. हा फरक लहान नाही.

मग करावे काय? मोठ्या योजनांची यादी देण्याचा माझा अधिकार नाही; चारच गोष्टी सुचतात. नामांकित शाळेला सरकारी पैसा द्यायचा असेल तर एक अट घालावी : तिच्या वसतिगृहात मुलांच्या भाषेत बोलणारे माणूस असले पाहिजे, आणि मुले ज्या गावांतून येतात तिथल्या एका सरकारी शाळेबरोबर तिने वर्षभर अध्यापनाचे काही काम केले पाहिजे. दुसरे, डोंगरात नेमणूक झालेल्या नव्या शिक्षकाने पहिले काही महिने स्थानिक भाषा शिकावी आणि ती शिकवणाऱ्या गुरुजींना, मग ते जीवनशाळेतले असोत वा गावातले, त्याचे रीतसर मानधन मिळावे. तिसरे, अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकासारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना द्यावीत अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ मध्ये काढली होती; ते प्रकरण न्यायालयात गेले आणि भरती रखडली. त्या प्रश्नाकडे केवळ आरक्षणाचा वाद म्हणून पाहिले जाते. तो भाषेचाही प्रश्न आहे, हे कोणीतरी बोलायला हवे.

चौथी गोष्ट आपल्याविषयी आहे, म्हणजे मराठी विभागांविषयी. आमच्या अभ्यासक्रमात आदिवासी साहित्याची अभ्यासपत्रिका असते. वाहरू सोनवणे हे याच भागातले कवी. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ सालचा. भिलीतली कविता मराठीशेजारी उभी राहते तेव्हा काय घडते, यावर आम्ही प्रश्न काढतो, मुले उत्तरे लिहितात, आम्ही गुण देतो. पण ज्या वर्गात भिली, पावरी, मावची बोलणारी चाळीस मुले बसली आहेत त्या वर्गाकडून आम्ही पहिलीच्या मुलाला वाचता येईल असे एक पान तरी लिहून घेतले आहे का? काठीची होळी, अस्तंब्याची यात्रा, याहा मोगीची कहाणी यांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. पाड्यावरच्या शाळेत त्यांतले काय पोचले? महाविद्यालयही एक शाळाच आहे. आमच्यापैकी बहुतेक महाविद्यालये खासगी संस्थांची आणि अनुदान सरकारचे. तेव्हा स्वतंत्र शाळांनी सरकारी शाळांसाठी काय करावे, हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याआधी आमच्याच दाराशी येऊन थांबतो.

यंदा मी विषय थोडा बदलला आहे. 'माझी पहिली शाळा' आहेच. त्याखाली दुसरे लेखन जोडले आहे : घरात लहानपणी ऐकलेली एक गोष्ट, आधी घरच्या भाषेत, मग मराठीत. देवनागरीत भिली कशी लिहायची, असे मुलांनी विचारले. मला येत नव्हते. जीवनशाळेतून आलेली ती मुलगी आता तृतीय वर्षाला आहे. तिला बोलावून घेतले. तिने फळ्यावर लिहून दाखवले आणि मी बाकावर बसून उतरवून घेतले.